२सीव्ही घ्यावी की दियान? जुन्या सित्रोएनकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी

जुनी फ्रेंच गाडी घ्यायची असं मनात आलं की नजर आधी सित्रोएन २सीव्हीवर जाते. फुगीर मडगार्ड, बाहेर बसवलेले गोल हेडलाइट, गुंडाळून मागे टाकता येणारं कापडी छत. फ्रान्स, जर्मनी, हॉलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांनी ती कुठल्यातरी गल्लीत नक्की पाहिलेली असते. मग जाहिराती चाळायला लागलं की थोड्याच दिवसांत दुसरं नाव दिसायला लागतं: दियान. कंपनी तीच, इंजिन तेच, किंमत मात्र बऱ्याचदा कमी. इथे नवखा माणूस अडखळतो. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी असणार, असं वाटून तो पुढे जातो आणि जास्त पैसे मोजून खालून सडलेली २सीव्ही घरी आणतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पहिली गाडी घेताना नाव बघू नका, चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा बघा. चासी दोन्हींची सारखीच खणखणीत असेल तर मग गाडी कशासाठी हवी आहे ते बघा. चांगल्या चासीची दियान सडक्या २सीव्हीपेक्षा केव्हाही बरी. हे कसं तपासायचं ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: दोघींचं कुळ समजून घ्या

१९३० च्या दशकात सित्रोएनची धुरा सांभाळणाऱ्या पिएर बुलांजे यांनी इंजिनिअरांपुढे एक मागणी ठेवली. खेड्यातल्या शेतकऱ्याला परवडेल, दोन माणसं आणि पन्नास किलो बटाटे नेईल, ताशी ६० किलोमीटर धावेल, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल पिईल आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटणार नाहीत, अशी गाडी त्यांना हवी होती. मध्ये महायुद्ध आलं. ७ ऑक्टोबर १९४८ ला पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात २सीव्ही लोकांसमोर आली. आंद्रे लफेव्र यांची इंजिनिअरी, फ्लामिनिओ बेर्तोनी यांनी दिलेला आकार आणि वॉल्तेर बेक्किया यांचं हवेवर थंड होणारं, समोरासमोर दोन सिलिंडरचं इंजिन. पहिलं इंजिन ३७५ सीसीचं, ९ अश्वशक्तीचं होतं.

दियानचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९६१ साली रेनॉने रेनॉ ४ बाजारात आणली. तिला मागे पूर्ण वर उचलणारं दार होतं, सामान भरायला ती सोयीची होती आणि तिने २सीव्हीची गिऱ्हाइकं ओढली. सित्रोएनला उत्तर द्यायचं होतं. पानार ही जुनी कंपनी १९६५ साली पूर्णपणे सित्रोएनच्या ताब्यात आली होती. तिथले अनुभवी डिझायनर लुई बिओनिए यांच्याकडे हे काम गेलं. २सीव्हीचाच सांगाडा, तेच सस्पेन्शन, तेच इंजिन, पण वर सरळ रेषांची बॉडी आणि मागे पाचवं दार. १९६७ साली दियान विकायला आली. पुढे २सीव्हीची जागा हिनेच घ्यावी असा विचार होता.

झालं उलटंच. दियान १९८३ साली बंद झाली. २सीव्ही मात्र १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर पुन्हा जोरात खपली आणि पोर्तुगालमधल्या मांगुआल्दच्या कारखान्यातून शेवटची गाडी २७ जुलै १९९० ला बाहेर पडली. दियान सुमारे १४ लाख बनल्या, २सीव्ही सुमारे ३८ लाख, आणि तिच्या व्हॅन धरल्या तर आकडा पन्नास लाखांच्या वर जातो. हे आकडे लक्षात ठेवा; सुट्या भागांचा विषय निघेल तेव्हा कामाला येतील. दियान कमी जगली म्हणून कमी दणकट होती असं मात्र समजू नका. १९७० साली सित्रोएनने पॅरिस ते काबूल आणि परत अशी मोहीम काढली, तीत २सीव्हीच्या बरोबरीने दियानही धावल्या. इराणमध्ये तर तीच गाडी ‘झियान’ या नावाने बनत होती.

दुसरी पायरी: बसून बघा, उघडून बघा

फोटोंवरून निवड करू नका. दोन्ही गाड्यांत बसा, दारं उघडा-मिटा, मागची सीट काढून बघा. फरक हातांना कळतो.

२सीव्हीच्या पुढच्या दाराची काच खालीवर होत नाही. काचेचा खालचा अर्धा भाग बिजागरीवर वर उचलायचा आणि वरच्या खटक्यात अडकवायचा. खटका ढिला असेल तर खड्ड्यात गाडी आदळली की काच खाली येते आणि कोपर बाहेर असेल तर चांगलीच लागते. दियानच्या काचा आडव्या सरकतात. टोल देताना, पार्किंगचं तिकीट घेताना दियान सोपी पडते. उन्हाळ्यात वारा मात्र दोन्हींत छत उघडल्याशिवाय पुरत नाही.

छताचंही तसंच. दियानचं छत बसल्या जागेवरून, आतूनच उघडता येतं. २सीव्हींमध्ये दोन प्रकार आहेत: जुन्या गाड्यांत छताचे आकडे बाहेरून, नंतरच्यांत आतून. नवं कापड मागवताना यातलं कुठलं ते सांगावं लागतं, म्हणून गाडी बघतानाच फोटो काढून ठेवा.

डिकीत दोघींची खरी वेगळी वाट आहे. २सीव्हीचं डिकीचं झाकण छोटं. मोठी वस्तू घालायची तर मागची सीट काढावी लागते, आणि ती सहज निघते. दियानचं पाचवं दार छतापर्यंत उघडतं. सायकल, कपाटाच्या फळ्या, आठवड्याचा बाजार, पोराची बाबागाडी, सगळं सरळ आत. घरातली एकुलती गाडी म्हणून किंवा रोजच्या कामासाठी जुनी सित्रोएन वापरायची असेल तर या एका दारासाठी मी दियान घेईन.

हेडलाइट २सीव्हीत आडव्या दांड्यावर बसलेले असतात आणि मागे सामान भरून नाक वर झालं की आतली मूठ फिरवून ते खाली करता येतात. दियानचे मडगार्डमध्ये बसवलेले आहेत. दिसायला कुठली आवडते हा ज्याचा त्याचा प्रश्न. २सीव्हीचा गोलवा डोळ्यांत भरतो हे खरं. दियानच्या दारांवरची आत वळलेली घडी हळूहळू आवडायला लागते.

तिसरी पायरी: वर्ष बघा, कारण ब्रेक वर्षावर ठरतात

नवख्यांनी ही पायरी चुकवू नये. दोन्ही गाड्यांचे पुढचे ब्रेक चाकांत नसतात, ते आत, गिअरबॉक्सला लागून असतात. जुन्या गाड्यांत तिथे ड्रम आहेत. ड्रमचं काम करायचं तर वरचं बरंच सामान सोडवावं लागतं, आणि ते नीट जुळवलेले नसतील तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. डिस्क आल्यानंतरच्या गाड्यांत बॉनेट उघडलं की डिस्क आणि पॅड वरूनच दिसतात, आणि पॅड बदलणं फारसं अवघड नाही.

दियानला पुढे डिस्क ब्रेक १९७७ मध्ये मिळाले. २सीव्हीला ते १९८१ च्या मध्यापर्यंत मिळाले नाहीत. म्हणजे १९७९ ची दियान आणि १९७९ ची २सीव्ही शेजारी उभ्या असतील तर दियानला डिस्क आहेत, २सीव्हीला ड्रम. आजच्या रहदारीत हा फरक मोठा आहे. पहिलीच जुनी गाडी असेल तर डिस्कवाली घ्या असा माझा आग्रह राहील.

डिस्कबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि ती माहीत नसल्यामुळे गाड्या खराब होतात. डिस्कवाल्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये नेहमीचं ब्रेक ऑइल चालत नाही. तिथे सित्रोएनचं एलएचएम हे हिरवं खनिज तेल लागतं. ड्रमवाल्या गाडीत नेहमीचं ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं फुगतात किंवा विरघळतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत सगळं काम काढावं लागतं. म्हणून बॉनेट उघडल्यावर आधी ब्रेकच्या डबीकडे बघा. डिस्कवाल्या गाडीत तेल स्वच्छ हिरवं दिसलं पाहिजे. पिवळट, तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर मालकाला सरळ विचारा, काय घातलंय? उत्तर ठाम आलं नाही तर ब्रेकचं पूर्ण काम धरूनच किंमत ठरवा.

इंजिनाचं वर्षाशी नातं सोपं आहे. २सीव्ही १९७० पासून दोन रूपांत आली: ४३५ सीसीची २सीव्ही४ आणि ६०२ सीसीची २सीव्ही६. दियानमध्येही दियान ४ आणि दियान ६ असे तेच दोन आकार मिळतात. अगदी सुरुवातीच्या दियान ४२५ सीसीच्या. ६०२ सीसीच घ्या. साधारण ३० अश्वशक्ती, ताशी ११० च्या आसपास कमाल वेग आणि १०० किलोमीटरला सहा लिटरच्या आसपास पेट्रोल. १९७० च्या आधीच्या बऱ्याच २सीव्हींत ६ व्होल्टची वायरिंग असते, दिवे मिणमिणते असतात, इंजिन लहान असतं. त्या गाड्या सुंदर आहेत आणि जाणकारांनी जपायच्या आहेत. पहिली गाडी म्हणून नकोत.

चौथी पायरी: खाली वाका

जुने कपडे घालून जा. बरोबर टॉर्च, लोहचुंबक आणि जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर असू द्या. चासी बघायला अर्धा तास द्यायची तयारी नसेल तर गाडी बघायला जाऊच नका.

दोन्ही गाड्यांची चासी मुळात एकाच जातीची: पातळ पत्र्यांची पेटी, दोन लांब बाजू, वरून-खालून पत्रा जोडलेला. पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते आणि गंज आतून खात येतो. बाहेरून काळा रंग चकचकीत असतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. विक्रीच्या तोंडावर ताजं डांबरी कोटिंग मारलेलं दिसलं तर सावध व्हा. चांगल्या चासीला झाकायची गरज पडत नाही.

आधी गाडीपासून दहा पावलं मागे, बाजूला उभे राहा. पुढच्या दाराची पुढची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? बॉनेटची मागची कड दोन्ही बाजूंना सारखी बसते का? चासी कमजोर झाली की बाजेचं सुंभ ढिलं पडावं तशी गाडी वाकते आणि फटी वाकड्या होतात. मग दार उघडून सावकाश मिटवा. दार खाली किंवा वर घासत असेल तर कारण बिजागरी असू शकतं, पण चासीही असू शकते. ते ठरवायला गाडीची एक बाजू जॅकवर घ्या आणि तेच दार पुन्हा मिटवून बघा. गाडी उचलल्यावर फट बदलली, दार अडकायला लागलं, तर चासी गेली असंच धरा.

आता खाली जा. चासीच्या दोन्ही लांब बाजूंवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हात-हातभर अंतरावर ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला भद्द वाजतो, आणि आतून गंजाचे पापुद्रे खडखडत सरकतात, ते ऐकू येतात. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या नळ्या जिथे चासीला बोल्टने बसतात तिथे जास्त लक्ष द्या. खालचा पत्रा आणि बाजू यांच्या सांध्यावर बोट फिरवा; सांधा फुगून उघडला असेल तर आत गंज मातला आहे. ठिगळावर ठिगळ दिसलं तर तिथेच थांबा.

सस्पेन्शनचं जे कौतुक जगभर होतं ते याच चासीच्या दोन्ही अंगांना आहे. प्रत्येक बाजूला एक आडवा गोल डबा असतो, आत स्प्रिंग, आणि पुढचं-मागचं चाक दांड्यांनी त्याला जोडलेलं. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की त्याची खबर मागच्या चाकाला आधीच पोचते, म्हणून गाडी डुलते पण आदळत नाही. या दांड्या सुरीच्या धारेसारख्या टेकूंवर फिरतात. तिथे ग्रीस नसेल तर गाडी डोलताना कुरकुर येते. पुढच्या बंपरजवळ दोन्ही हातांनी गाडी दाबून सोडा आणि ऐका. कुरकुर ही ग्रीसने जाणारी गोष्ट आहे. तिला घाबरू नका, पण मालकाने गाडीकडे किती लक्ष दिलंय ते त्यावरून कळतं.

चासीनंतर बॉडी. आतली रबरी मॅट उचलून पेडलजवळचा आणि पुढच्या सीटखालचा पत्रा बघा, मागच्या सीटखालची पेटी बघा, दारांच्या खांबांची मुळं बघा, आणि विंडस्क्रीनच्या खाली हवेसाठी जी पट्टी उघडते तिच्या कडा बघा. दियानमध्ये याशिवाय पाचव्या दाराची खालची कड आणि भोवतीची चौकट. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

मडगार्डवरचा गंज बघून मन खट्टू करून घेऊ नका. दोन्ही गाड्यांची पुढची-मागची मडगार्डं बोल्टवर आहेत, पाना घेऊन बदलता येतात. गरज पडली तर पूर्ण बॉडी चासीवरून उचलून खाली नवी, जस्ताचा मुलामा दिलेली चासी बसवता येते. तशा चासी आजही बनतात. पण बॉडी उचलायची म्हणजे सगळी गाडीच सोडवणं आलं. खर्चही मोठा आणि वेळही. पहिल्याच वर्षी त्यात पडू नका.

पाचवी पायरी: इंजिन ऐका

इंजिन थंड असतानाच जा. मालकाने तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवलं असेल तर थोडा वेळ थांबायला हरकत नाही. चोक ओढून थंड इंजिन दोन-चार फेऱ्यांत चालू झालं पाहिजे. मग ते गरम होऊ द्या. या इंजिनात रेडिएटर नाही, पाणी नाही, सिलिंडर हेडला गॅस्केट नाही, डिस्ट्रिब्युटरही नाही. बिघडायला जागा कमी. चांगलं इंजिन टकटकत, एका लयीत चालतं; टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, थोडा आवाज राहतोच. खोलवरून येणारा ठोका मात्र बरा नव्हे. या इंजिनाचा क्रँक कारखान्यात कनेक्टिंग रॉडसकट दाबून जोडलेला असतो, त्यामुळे नेहमीसारखी बेअरिंग बदलून काम भागत नाही, पूर्ण क्रँकच बदलावा लागतो.

पुढची जाळी काढता आली तर पंख्यामागे टॉर्च मारा. तिथे ऑइल कूलर असतो. वाळलेली पानं, तेलकट माती, बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत उंदराचं घरटं, सगळं तिथे आणि सिलिंडरभोवतीच्या पत्र्यात अडकतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा श्वासच तिथून चालतो. इग्निशनचे पॉइंटही पंख्यामागेच आहेत आणि त्यांच्यापर्यंत जायला पंखा काढावा लागतो, म्हणून बरेच मालक तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मोकळे होतात. ते बसवलेलं असेल तर चांगलंच.

हीटर सुरू करून आत नाकाने वास घ्या. या गाड्यांत गरम हवा इंजिनाभोवतूनच मोठ्या नळ्यांतून आत येते. सायलेन्सरच्या सांध्यात गळती असेल तर धूर त्याच वाटेने आत येतो. डोकं जड होईपर्यंत वाट बघायची नसते. वास आला की ते काम आधी.

सहावी पायरी: चालवून बघा

गिअरची दांडी डॅशबोर्डमधून सरळ तुमच्याकडे येते, टोकाला गोळा. पहिला गिअर डावीकडे वळवून ओढायचा. मग मध्ये आणून ढकलला की दुसरा, तिथूनच सरळ ओढला की तिसरा. उजवीकडे वळवून ढकलला की चौथा. रिव्हर्स डावीकडे वळवून ढकलायचा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद पडू देणारी रचना) नाही, म्हणून तो गाडी थांबल्यावरच टाका. चालत्या गाडीत करकरला तर दोष गिअरबॉक्सचा नाही. दुसरा करकरत असेल तर मात्र गिअरबॉक्स झिजलाय. काही गाड्यांत सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इंजिन मंदावलं की तो आपोआप सुटतो. तसं असेल तर मालकाकडून आधी समजून घ्या.

वळणावर गाडी खूप कलते. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण चारही चाकं रस्ता धरून असतात. स्टेअरिंग वळणानंतर आपणहून सरळ यायला हवं. येत नसेल, जड वाटत असेल, तर पुढच्या चाकांचे किंगपिन, म्हणजे ज्या खिळींवर चाकं वळतात त्या, कोरडे किंवा झिजलेले आहेत. परत आल्यावर पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. इतर गाड्यांत कुणीतरी ब्रेक दाबून धरतं आणि मग चाकाची बेअरिंग की किंगपिन ते कळतं. इथे ब्रेक चाकात नसल्यामुळे ती युक्ती चालत नाही. चाक हलवताना मागे टॉर्च धरून बघा, हालचाल नक्की कुठल्या सांध्यात दिसते. किंगपिन बदलता येतात, पण किंमत ठरवताना ते धरा.

रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून ब्रेक दाबा. सरळ थांबली तर ठीक. हँडब्रेक पुढच्या चाकांवरच काम करतो. तो उतारावर लावून बघा.

सातवी पायरी: आता ठरवा

इथे सुटे भाग निर्णायक ठरतात. २सीव्हीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो: दारं, मडगार्डं, फ्लोअर, छत, सीटची कापडं, अगदी रबराच्या छोट्या पट्टीपर्यंत. दियानचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन यांचे भाग तितक्याच सहज मिळतात, कारण ते सामाइक आहेत. अडचण बॉडीची. दियानचं दार, पाचवं दार, तिच्या खास काचा, आतलं प्लास्टिक, यांसाठी जुन्या मालात शोधाशोध करावी लागते.

म्हणून नियम सोपा. दियान घेणार असाल तर बॉडी पूर्ण असलेलीच घ्या. इंजिन थोडं थकलेलं चालेल. २सीव्ही घेणार असाल तर बॉडीत थोडी कमतरता चालेल, पण तिची जास्त किंमत चासीने सार्थ केली पाहिजे. चार्ल्स्टनसारख्या दोन रंगांच्या २सीव्हींना मागणी जास्त असते. तुम्हाला ते रूप खरोखरच हवं असेल तरच त्याचे पैसे मोजा, कारण खाली गाडी तीच आहे. पुढे विकायचा विचार असेल तर २सीव्हीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. वापरायची असेल आणि खिसा बेताचा असेल तर १९७८ ते १९८३ दरम्यानची, डिस्क ब्रेकची दियान ६ शोधा. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या बाजारात इतका चांगला सौदा फार थोडा उरलाय.

आठवी पायरी: कागद

चासीवर ठोकलेला नंबर, बॉनेटखालची पट्टी आणि कागद हे तिन्ही जुळलेच पाहिजेत. चासी बदललेली असेल तर तिची पावती मागा. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या चांगल्या स्थितीतल्या गाडीला एच, म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट मिळू शकते. फ्रान्समध्येही ३० वर्षांनंतर ‘कोलेक्सियों’ नोंदणी करता येते आणि मग तांत्रिक तपासणी पाच वर्षांतून एकदा येते. म्हणजे आज कुठलीही २सीव्ही किंवा दियान या वयात बसते. ब्रिटनमध्ये गाडी ऐतिहासिक मानायची मर्यादा ४० वर्षांची आहे. तिथे सगळ्या दियान आत, पण १९८० च्या दशकाच्या अखेरच्या २सीव्ही अजून बाहेर. वार्षिक तपासणी माफ झाली तरी स्वतःहून करून घ्या. विमा काढताना गाडीची किंमत आधी ठरवून लिहून देणारी पॉलिसी घ्या, नाहीतर अपघातानंतर ती नुसती जुनी गाडी म्हणून मोजली जाते.

नववी पायरी: पहिला महिना

लांबच्या सहलीला जायच्या आधी ही कामं उरका. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअरबॉक्सचं तेल, ब्रेकचं योग्य तेल. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर चिरतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. टॅपेट थंड इंजिनावर ०.२० मिलिमीटरला जुळवा. ऑइल कूलर आणि सिलिंडरभोवतीचे पत्रे काढून साफ करा.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांवरचे टायर काढून टाका. या गाड्यांना १२५ आर १५ मापाचे अरुंद टायर लागतात. हवा पुढे १.४ बार, मागे १.८. पेट्रोल पंपावरच्या माणसाला हे आकडे कमी वाटतील, पण जास्त हवा भरली तर या सस्पेन्शनची सगळी मजा जाते.

ग्रीसगन विकत घ्या, भाड्याने नको. किंगपिनच्या निप्पलांना दर हजार ते दोन हजार किलोमीटरला ग्रीस द्यायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. हे काम पंधरा मिनिटांचं आहे आणि ते टाळणाऱ्यांचेच किंगपिन जातात.

शेवटी चासी. कोरड्या, उबदार दिवसात तिच्या भोकांतून लांब नळीने पोकळीत मेण फवारून घ्या, दोन्ही बाजूंना, पुढून आणि मागून, सांध्यांतून ते पाझरून बाहेर येईपर्यंत. खालची पाणी निघायची भोकं नंतर तारेने मोकळी करा, आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडायच्या आत दरवर्षी हे पुन्हा करा.